पडद्यावरची जिवती

कमळे, ये इकडे, जवळ बस. तिथं उंबऱ्याशी नको. इथं, माझ्या डाव्या अंगाला. उजव्या कानानं मला हल्ली धड ऐकू येत नाही. आणि बसलीस की आधी ऐकून घे, मी रागावलेय तुझ्यावर. या घरातली मी थोरली जाऊ, तू धाकटी. हळदीकुंकवाला बोट पुढं करायचं ते आधी मी, मग तू. पान मांडायचं ते आधी माझं, मग तुझं. "अगं, घे की आधी," म्हणून मी कितीदा ओरडले, तरी जन्मभर ही रीत सोडली नाहीस. आणि जायची वेळ आली तेव्हा मला साधं विचारलंसुद्धा नाहीस. चांगलं वागणं झालं हे? सासूबाई असत्या तर खरडपट्टी काढली असती तुझी.

तुझ्या भाचेसुनेचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. तशीच निघाले. तुझ्या माहेरच्या, पूर्ण्याच्या रस्त्यावर तुमच्या त्या गोदामांचे कंटेनर आडवे लागलेले. रिक्षावाला म्हणाला, "अम्मा, आधा घंटा तो गया समझो." मी म्हटलं, "बेटा, जिसको मिलना है, उसको अब कोई जल्दी नहीं." बोलून गेले, आणि मग तिथंच, त्याच्या रिक्षात, पदर तोंडावर घेऊन रडले.  तो बिचारा हॉर्न वाजवायचा थांबला.

तेरावं होऊन गेलं. तुझ्या माहेरच्यांनी सगळं नीट केलं, काळजी करू नकोस. आमच्या वाचनालयातल्या बायका म्हणाल्या, तुम्ही लिहिता, तर जाऊबाईंवर चार शब्द लिहा. तुझा जन्म कधीचा, लग्न कधी झालं, ते मी लिहिणार नाही. ते तुझ्या आधार कार्डावर आहे, आणि तेही चुकीचं आहे. मला बोलायचंय ते जिवतीबद्दल. आपलं ते भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलीस.

वाचणाऱ्या सगळ्यांनाच जिवती ठाऊक असेल असं नाही, म्हणून सांगते. तू तोवर सुपारी कातर. श्रावण लागला की देव्हाऱ्याशेजारी जिवतीचं चित्र लावतात. वर नरसिंह, कालियाच्या फण्यावर कृष्ण, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती, आणि मधे दोन बायका, त्यांच्या मांडीवर, पाळण्यात, पायाशी पोरंच पोरं. लेकरांना राखणारी देवी. महिनाभर तिला आघाडा-दुर्वांची माळ, दर शुक्रवारी पुरण, पोरांना औक्षण. श्रावण संपला की चित्र पाण्यात सोडायचं. आमच्या घरी बाजारातला छापील कागद यायचा. तू नवी सून होऊन आलीस त्या पहिल्या श्रावणात मी तो कागद डिंकानं चिकटवायला घेतला, तर तू मला मोरीत गाठलंस.

"वैनी, ह्यो छापलेला हाय."

"मग?"

"छापलेल्या देवीला ठाव कसा लागल, कंच्या घरात आली ती?"

मला हसूच आलं. पण तू हसत नव्हतीस. तुझ्या माहेरी बायका जिवती हातानं काढायच्या. सासूबाई म्हणाल्या, काढू दे हौस आहे तर, आणि तू भिंतीवर काढलीस. भिवंडीच्या निजामपुऱ्यातली भिंत ती! पलीकडे शेजारच्या जुबेदाभाभींचे लूम, कापडाचे यंत्रमाग, दिवसभर खडाखड खडाखड, भिंतीला हात टेकला तर हात थरथरायचा. चार दिवसांत कृष्णाचा एक पाय पोपड्यासकट गळून पडला. पुढच्या वर्षी भावोजींनीच तोड काढली. ते लूमवर कामाला, तेव्हा विणीत चूक निघाली म्हणून बाजूला टाकलेलं कोरं कापड त्यांनी आणून दिलं. ते तू तांदळाच्या पेजेत बुडवून गच्चीवर वाळवलंस, आणि जमिनीवर पसरून त्यावर काढायला बसलीस. आधी चुलीतल्या कोळशानं रेघ, मग गेरू, पिठी, हळद, काजळ. कापसाची काडी धरून अशी वाकून बसायचीस की तुझी वेणी कृष्णाच्या तोंडावर यायची.

हत्ती तू तोवर पाहिलाच नव्हतास. म्हैस काढलीस आणि तिला सोंड लावलीस. भावोजी आले, बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बुध महाराज दूध घालायला निघाले वाटतं!" तू त्यांना काडी फेकून मारलीस. नवऱ्याला, सासूसमोर! पण पुढच्या वर्षीही म्हैसच काढलीस. "आता देवीला सवय झाली तिची," म्हणालीस.

श्रावण संपला की ते कापड घेऊन तू आणि मी खाडीवर जायचो. जुबेदाभाभींना ते अजिबात पटायचं नाही. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "कमल, इतनी मेहनत करके पानी में डाल देती है? दिल नहीं दुखता?" आणि तू तुझ्या हिंदीत, "मेहमान हाय ना भाभी. मेहमान को कितना दिन रखेंगा?"

आता मी विचार करते तर वाटतं, तुझी जिवती मी कधी बघितलीच नाही. वर्षानुवर्षं तिच्यापुढं बसले, पण बघितली नाही. समईच्या उजेडात अर्धी दिसायची, अर्धी नाही. मधल्या दोन बायकांवर तर माळ असायची, त्यावर कापसाची वस्त्रं, त्यावर हळदीकुंकू. आपण हात जोडायचो, मान खाली घालायची. देवीकडे टक लावून बघत का बसतं कुणी? चित्र समोर होतं म्हणून तर डोळे मिटता येत होते.

आणि आता जे सांगायचंय ते सांगावंसं वाटत नाही. तरी सांगते. शुक्रवारचं पुरणाच्या दिव्यांचं ताट नेहमी माझ्या हातात असायचं. माझी दोन पोरं पाटावर बसायची, मी ओवाळायची. तुला लेकरू नव्हतं. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "औक्षण लेकुरवाळीनं करायचं." देवी तू काढायचीस, पुरण तू वाटायचीस, दिवे तू वळायचीस, आणि ओवाळायच्या वेळी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचीस. सासूबाई कडक होत्या हे खरं. पण माझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं का? "ये गं कमळ, तू पण ओवाळ," एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. एकदाही नाही.

मग तो एक श्रावण. तिसरा शुक्रवार झाला आणि तू म्हणालीस, "पाठीत उसण भरली हाय, पूर्ण्याला जाऊन येते." तीन आठवडे गेलीस. गौरी-गणपतीचं सगळं माझ्या अंगावर पडलं. श्रावण संपल्यावर कापड खाडीत सोडायला तू नव्हतीस, म्हणून मी ते घडी करून ट्रंकेत टाकलं. म्हटलं, आली की तीच नेईल. तू आलीस ती वाळून, पिवळी होऊन आलीस. आणि मी तुला काय म्हणाले, आठवतं? तुला आठवत असणारच. मी म्हणाले, "सणासुदीला बरी सापडते गं तुला उसण." तू पदर खोचलास आणि भांडी घासायला बसलीस.

पुढच्या श्रावणात म्हणालीस, "आता छापीलच आणा." मला वाटलं, टोमणा लागला, फुगून बसलीय. फुगू दे, म्हटलं. काही वर्षं तरी फुगशील आणि मग काढशील. तू परत कधीच काढली नाहीस. ते कापड ट्रंकेत राहिलं ते राहिलं. चाळीसएक वर्षं.

निजामपुऱ्याचं घर पाडायला निघालं तेव्हा ती ट्रंक उघडली. तू तोवर भावोजींच्या मागे माहेरी राहायला गेली होतीस. त्याच सुमारास वाचनालयात मुंबईच्या एका संग्रहालयातल्या बाई आल्या होत्या, बायकांनी घरात केलेल्या जुन्या वस्तू गोळा करत होत्या. मी कापड दाखवलं. त्यांनी हातात पांढरे मोजे घातले, कमळे, मोजे! आपण ज्याच्यावर पुरणाचे हात पुसले असतील त्याला मोजे घालून हात लावला. "हे कुणी काढलंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आमच्या घरातलंच आहे. बायका काढायच्या."

का म्हटलं असं? मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तुला न विचारता देत होते, तुझं नाव सांगितलं असतं तर त्या तुला भेटायला गेल्या असत्या, हे एक. आणि दुसरं असं की त्या सारखं "तुम्ही जपलंत, तुम्ही जपलंत" म्हणत होत्या, ते मला गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू आता.

तुला सांगायला आले तेव्हा तू ओट्यावर वाल सोलत बसली होतीस. समोर गोदामाची निळी पत्र्याची भिंत. तिथं पूर्वी तुमचं भाताचं खाचर होतं. ऐकलंस आणि हातातली शेंग खाली ठेवलीस.

"वैनी, ती देवी हाय. फोटू न्हाय."

"अगं, ट्रंकेत कसर लागली असती. तिथं जग बघेल."

"तिला जगानं बघावं म्हणून काढलेली का मी? तिनं पोरांना बघावं म्हणून काढलेली."

 मग मी आवाज चढवला. सुचत नाही तेव्हा मी आवाज चढवते हे तुला माहीत आहे. तू पुन्हा वाल सोलायला लागलीस. आपलं भांडण नेहमी असंच, मी एकटीच भांडायची.

पुढं मी ती बघायला म्हणून मुद्दाम मुंबईला गेले. चांगलं इस्त्रीचं पातळ नेसून. तिथं गेल्यावर कळलं, कापड बाहेर मांडलेलंच नाही. उजेडानं रंग उडतो म्हणून आत गार, अंधाऱ्या खोलीत, खणात ठेवलंय. "पण तुम्हाला घरबसल्या दिसेल," त्या बाई म्हणाल्या. "आम्ही सगळा संग्रह ऑनलाइन टाकलाय. दिसतं त्याहून जास्त दिसेल." आणि माझ्या मोबाईलवर लिंक पाठवली. तुला फोनवर सांगितलं तर तू म्हणालीस, "म्हंजे डब्यातनं डब्यात गेली. तुमच्या ट्रंकेत काय वाईट होती?" मी इतकी हसले की सुनेनं विचारलं, काय झालं.

पण खरं सांगू? त्या पडद्याचं मला वेड लागलं. दुपारी सगळी कामावर, शाळेत गेली की मी टॅब घेऊन बसायची. दोन बोटं लावून फाकवलं की चित्र जवळ येतं, आणखी फाकवलं की आणखी जवळ. कापडाचा एकेक धागा दिसतो. जिथं बाण्याचा, आडवा धागा सुटला होता, ज्या चुकीपायी ते कापड भावोजींना मिळालं, ती चूक दिसते. माझ्या धाकट्याचं हळदीचं बोट उमटलंय खालच्या कोपऱ्यात, त्या बोटाच्या रेषा दिसतात. तो आता आजोबा व्हायच्या वयाला आलाय! शेजारी माहितीही लिहिलीय. म्हशीबद्दल म्हटलंय, "प्राण्यांच्या आकारात स्थानिक पशूंची छाया दिसते." भावोजींनी वाचायला हवं होतं. आणि रेषा थरथरलेल्या आहेत, त्यावर लिहिलंय की काढणारी स्त्री बहुधा वृद्ध असावी. तू तेव्हा अवघी पंचविशीची होतीस. थरथर कुठली, ते जुबेदाभाभींचे लूम होते! जमीन हलायची, तुझी काडी हलायची. ते त्यांना कसं कळावं? त्यांनी धागा मोजला, रंग तपासला, पण भिंतीपलीकडचा आवाज काही कापडावर आला नाही.

मला वाटायचं, हे तुला दाखवावं. तू बघितलंस की तुझा राग जाईल. म्हणून चैत्रात टॅब पिशवीत घालून पूर्ण्याला आले. तुझ्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकायला लागला होता. तू टॅब मांडीवर घेतलास, ताट धरावं तसा दोन्ही हातांनी. "ही बघ," मी म्हटलं. तू बोट लावलंस आणि काय दाबलं गेलं कोण जाणे, चित्र एकदम फुगून वर आलं. तू दचकलीस. मग वाकलीस, अगदी नाक टेकेल एवढी वाकलीस, आणि बघत राहिलीस. मी आपली शेजारून बडबडत होते, हे बघ, ते बघ, म्हैस बघ. तू ऐकत नव्हतीस.

मग एकदम म्हणालीस, "झाक ते, वैनी."

"अगं, काय झालं?"

"झाक म्हनते ना. माळ न्हाय, वस्त्र न्हाय, काय न्हाय. अशी उघडी कोण ठेवतं का?" आणि स्वतःच पदर ओढून त्या काचेवर टाकलास.

मी चिडले. अशी जुनाट कशी गं तू, म्हटलं. लोक परदेशातून बघतात आणि तू पदर टाकतेस! तू उठून आत गेलीस, चहा टाकलास. चहात साखर घालायला विसरलीस, ती मी मागितली नाही. तशीच निघाले. "येते गं," म्हटलं, तू मान हलवलीस. तेच शेवटचं. अक्षय्य तृतीयेला येईन म्हणत होते, तर गुडघ्यानं दगा दिला. मग तू.

तेराव्यानंतर पाचव्या दिवशी त्या संग्रहालयातल्या बाईंचा मेल आला. त्यांना तुझं काही माहीत नाही, त्यांनी आपल्या कामाचं विचारलं होतं. मधल्या दोन स्त्रियांपैकी उजवीकडच्या स्त्रीच्या मांडीवर कोळशाची एक पुसट रेघ दिसते, त्यात रंग भरलेला नाही, तर चित्र अपूर्ण राहिलं होतं का? आणि काढणारीचं नाव समजू शकेल का? कारण सध्या "कलाकार अज्ञात, चित्र अपूर्ण" असं लिहिलं आहे.

मी टॅब उघडला. डावीकडची बाई माहीतच होती, तिच्याभोवती पोरांची जत्रा. उजवीकडचीची मांडी मला मोकळीच वाटायची, म्हणून तिथं मी कधी बोटं फाकवलीच नव्हती. मी बोटं फाकवली. आणखी फाकवली. तिची मांडी रिकामी होती. रिकामी नव्हती गं. कोळशानं काढलेलं एवढंसं डोकं, एक गोल पाठ, पोटाशी दुमडलेला पाय. रंग नाही. नुसती रेघ.

आणि मग आठवलं. कितव्या वर्षी, कुठं, काही सांगता येणार नाही. आपण गच्चीवर पापड घालत होतो. मी विचारलं होतं, तुमच्या पूर्ण्याच्या जिवतीत वेगळं काय असतं गं? तू म्हणालीस, "आमच्यात घरातल्या बाईला दिवस गेलं की दुसरीच्या मांडीवर लेकराची नुस्ती रेघ वढायची. कुनाला सांगायचं न्हाय. लेकरू झालं की मग रंग भरायचा."

मी ऐकलं होतं आणि पापड उलटला होता.

कमळ, आणखी एक गोष्ट मला दिसली. ती त्या बाईंना दिसली नसती, कितीही मोठं केलं तरी. सगळ्या चित्रभर रेषा थरथरलेल्या आहेत. नरसिंहाची आयाळ, कृष्णाची बासरी, वाघाची शेपटी, सगळं हललेलं. ती एकच रेघ हललेली नाही. सरळ, गोल, शांत. म्हणजे ती काढलीस तेव्हा लूम बंद होते. भाभींचे लूम शुक्रवारी बंद असायचे. म्हणजे शुक्रवारी, औक्षण आटोपल्यावर, मी ताट घेऊन पोरांना आत नेलं असेल, सगळे जेवून लवंडले असतील, आणि त्या शांत घरात तू एकटी देवीसमोर बसलीस, माळ बाजूला केलीस, रेघ ओढलीस आणि माळ परत होती तशी ठेवलीस. घरात फक्त तिला सांगितलंस. मला सांगितलं नाहीस. का सांगावंस? मी कोण होते तुझी, ताट धरून उभी राहणारी?

आणि मग ती तीन आठवड्यांची उसण. आणि मग माझं ते वाक्य.

पूर्ण्याच्या त्या ओट्यावर, पिकलेल्या डोळ्यांनी, तुला काय दिसलं ते मला आता कळतंय. त्या लेकराला खाडीत सोडायलाही मिळालं नव्हतं तुला. माझ्या ट्रंकेत घडी होऊन पडलं होतं ते, आणि मग मीच त्याला उचलून जगासमोर ठेवलं, आणि वर तुला म्हणाले, बघ, म्हैस बघ.

आता मला त्या पडद्याचा राग यावा की नाही, हेच कळत नाही. त्यानं तुला उघडं केलं. पण एका छपराखाली इतकी वर्षं राहून मला जे दिसलं नाही ते त्यानं दाखवलं. समईच्या उजेडात तुझं गुपित सुखरूप होतं, आणि मीही सुखरूप होते. इतकं स्वच्छ बघायची माझी लायकी होती का, असं मनात येतं. मग वाटतं, दिसलं ते बरं झालं, नाहीतर मी त्या उसणीवर हसतच मेले असते.

त्या मेलचं उत्तर द्यायला मला नऊ दिवस लागले. रोज लिहायची, रोज खोडायची. नाव तर द्यायचंच होतं. तू म्हणाली असतीस, देवीवर कुणी सही करतं का? नसेल करत. पण माझं नाव तिथं "देणगीदार" म्हणून आडनावासकट झळकतं आणि तुझ्या जागी "अज्ञात", हे मला आता गिळवत नाही. अडलं होतं ते त्या "अपूर्ण"पाशी. काही न बोलता गप्प बसले असते तर तुझी लाज राहिली असती. पण गप्प बसून मी या घरात काय राखलं ते बघितलंच की. सासूबाई गेल्या, भावोजी गेले, आता कुणाला बोल लागायचा नाही. आणि ते लेकरू कुणाच्याही चुकीनं राहून गेलेलं काम नव्हतं. ते होतं. एक शुक्रवार का होईना, तुझ्या देवीच्या मांडीवर ते पूर्ण होतं.

म्हणून लिहिलं: "हे चित्र माझ्या धाकट्या जाऊबाई कमळ यांनी काढलं. माहेर पूर्णा, सासर निजामपुरा, भिवंडी. तेव्हा त्या तरुण होत्या. रेषा शेजारच्या लूममुळे हलल्या आहेत. चित्र अपूर्ण नाही. त्यांच्या माहेरी बाईला दिवस गेले की लेकराची रेघ अशीच काढतात." पुढं काय झालं ते लिहिलं नाही. तेवढं तुझं तुझ्यापाशी. इथं जे लिहिते आहे ते मात्र माझ्यासाठी लिहिते आहे. मला माफी मागायला दुसरी जागा उरली नाही. सगळ्या शुक्रवारांची माफी माग म्हणालीस तर एकेक शुक्रवार धरून मागेन.

त्या बाईंचं उत्तर आलं. मजकूर बदलायला थोडे दिवस लागतील म्हणाल्या. मी रोज उघडून बघते. अजून "अज्ञात"च आहे.

तू झाक म्हणाली होतीस आणि मी झाकलं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुला पटलं नसेल. या खेपेला उठून आत चहा टाकायला जाऊ नकोस गं. समोर बसून बोल. मी आवाज चढवणार नाही, मधे तोंड घालणार नाही, तुझं सगळं होईपर्यंत ऐकेन. नव्या घरी तू दोनदाच आलीस, लिफ्टला घाबरून दोन्ही वेळेला चार जिने चढलीस. आता तुझे गुडघे दुखत नसतील. दार मी लोटून ठेवते, कडी घालत नाही. दुपारी ये, घरात कुणी नसतं. भांडायला म्हणून का होईना, पण ये, कमळ. लवकर ये.